टॉवेल कुठं कापायचा आणि इथरनेटची फ्रेम कुठं संपते

मे महिन्यात सोलापुरात सगळ्यात थंड जागा कुठली असं कुणी विचारलं तर लोक ज्यूस सेंटर वगैरे सांगतील, पण मी सांगतो, ट्रान्समिशन रूम. बाहेर ४३-४४ डिग्री आणि आत मशीनसाठी एसी लावलेला, त्यामुळं माझी कित्येक वर्षं दुपारचा डबा तिथंच झालाय, कडक भाकरी शेंगा चटणी आणि समोर मक्सचे (अनेक लाइनी एका फायबरवर भरणारं मशीन) लुकलुकणारे दिवे. घरच्यांना वाटायचं मी फायबर जोडतो. फायबर जोडणारी पोरं वेगळी असतात बाबा, ती उन्हात खड्ड्यात बसतात, मी आत बसतो, फायबरमधून जे जातंय ते नीट भरलंय का बघायचं हे माझं काम.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाचा. नेटवर्किंगचा कोर्स करतोय, पुण्याला. सुट्टीला आला होता आणि मला म्हणाला, मामा तुम्ही इथरनेट फायबरवरनं पाठवत होता म्हणजे नेमकं काय करत होता, स्विचला एसएफपी, फायबर लावायचा तो बारका मॉड्यूल, लावलं की झालं की. मी म्हटलं, काय बोललालास बे. एसएफपी लावून तू शेजारच्या बिल्डिंगमधे जाशील, लांबचं घेतलं तर शे-सव्वाशे किलोमीटर जाशील, पण सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, आणि त्याच एका फायबर जोडीवर बँकेची लाइन आहे, मोबाइल टॉवरच्या दोन-दोन एमबीच्या लाइनी (ईवन) आहेत, कुणाची शंभर एमबी (म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट) आहे कुणाची दोन एमबी आहे, तिथं तुझं एकट्याचं इथरनेट पूर्ण फायबर धरून बसणार का?

तर ते समजवायला मी त्याला माझ्या थोरल्या मामाच्या कारखान्यात घेऊन गेलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचे माग आहेत. तिथं आवाज इतका असतो की ओरडून बोलायला लागतंय, पण जे दाखवायचं होतं ते तिथंच होतं.

आधी बेसिक गोष्ट. इथरनेट, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात ती, हा लहरी माणूस आहे. बोलायचं असलं की बोलतो, नाहीतर गप. एक फ्रेम (डेटाचा एक गठ्ठा) कमीत कमी ६४ बाइटची, जास्तीत जास्त १५१८ ची, कधी येईल त्याचा नेम नाही. फ्रेमच्या आधी ८ बाइट प्रीॲम्बल असतं (त्यातला शेवटचा बाइट सांगतो की आता सुरू), आणि दोन फ्रेमच्या मधे कमीत कमी १२ बाइटएवढी मोकळी जागा. ही मोकळी जागा आणि हे प्रीॲम्बल बघूनच समोरच्याला कळतं की नवीन फ्रेम आली. म्हणजे शांतता हीच त्याची सीमारेषा.

आणि एसडीएच, म्हणजे आमचं जुनं ऑप्टिकल नेटवर्क, ते बरोबर उलट्या स्वभावाचं. ते टेलिफोनच्या पोटातून जन्माला आलेलं. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे म्हणून त्याची फ्रेमही सेकंदाला ८००० वेळा, दर १२५ मायक्रोसेकंदाला एक, दिवसरात्र, गड्ड्याची यात्रा असो नाहीतर रविवार असो. एसटीएम-वनची (त्याच्या पहिल्या वेगाची) एक फ्रेम २४३० बाइटची, गुणिले ८ बिट, गुणिले ८०००, झाले १५५.५२ एमबीपीएस. माल असो नसो, गाडी सुटणार. तिथं शांतता नावाचा प्रकारच नाही. शांत बसला तर समोरचा अलार्म मारतो की सिग्नल गेला.

(फ्रेम हा शब्द दोन्हीकडं वापरतात त्यामुळं नवीन पोरांचा हमखास घोळ होतो. एसडीएचची फ्रेम म्हणजे मालगाडी, इथरनेटची फ्रेम म्हणजे त्यातलं पार्सल, एवढं धरून चला.)

आता गंमत अशी की या न थांबणाऱ्या मालगाडीत तुम्ही इथरनेटचे बाइट एकामागं एक ओतले, तर पलीकडं एक अखंड बाइटांची धार निघते. मधली शांतता गेली. मग पलीकडच्याला कसं कळणार की एक फ्रेम कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली?

इथं टॉवेल कामाला आला. मागावर टॉवेल एकेक सुटा विणत नाहीत, अखंड थान निघतं, टॉवेलला टॉवेल चिकटलेले. प्रत्येक दोन टॉवेलच्या मधे एक सपाट पट्टी असते, जिथं लूप नसतात, ती बॉर्डर. कटिंगला बसलेल्या मावशी त्या पट्टीवर हात फिरवतात आणि कात्री चालवतात, बघतसुद्धा नाहीत, हाताला कळतं. भाच्यानं विचारलं, मावशी बॉर्डर चुकली तर? त्या म्हणाल्या, एक चुकला की पुढचा पन चुकतोय, मग सगळं थान उलगडून परत बघायचं. मी भाच्याला म्हटलं हे वाक्य ध्यानात ठेव, यावर पुढं परीक्षा आहे.

तर पहिली पद्धत ही अशीच, बॉर्डरवाली. एचडीएलसी म्हणतात, पीपीपी म्हणतात, आणि इथरनेट एसडीएचवर टाकायला त्याच घराण्यातलं लॅप्स नावाचं एक होतं, आयटीयूचं (टेलिकॉमची स्टँडर्ड ठरवणारी जागतिक संस्था) एक्स.८६. यात प्रत्येक फ्रेमच्या आधी आणि नंतर एक ठराविक बाइट टाकायचा, ७ई (बाइटचा आकडा असा अंक-अक्षरात लिहितात). ७ई दिसला की समजायचं बॉर्डर आली. सोपं आहे. पण गिऱ्हाइकाच्या डेटामधेच ७ई आला तर? म्हणजे टॉवेलच्या डिझाइनमधेच बॉर्डरसारखी सपाट पट्टी आहे, मावशी तिथंच कात्री मारणार, एका टॉवेलचे दोन नॅपकिन. मग उपाय काय, तर डेटातला ७ई आला की तो तसा पाठवायचा नाही, त्याच्या जागी दोन बाइट पाठवायचे, ७डी आणि ५ई. मग ७डीच डेटात आला तर? त्याच्यासाठी ७डी ५डी. म्हणजे डिझाइनमधल्या खोट्या पट्टीशेजारी लाल धागा टाकायचा की इथं कापू नका, आणि डिझाइनमधेच लाल धागा असला तर त्याच्यासाठी अजून एक धागा.

काम होतं, पण माल फुगतो. आणि किती फुगणार हे गिऱ्हाइकाच्या डेटावर. एखाद्यानं मुद्दाम नुसते ७ई भरून फाइल पाठवली तर डबल. तुम्ही शंभर एमबीची लाइन विकली आणि ती शंभर चालणार का ऐंशी हे त्याच्या फाइलमधे काय आहे यावर ठरणार, असं कुठं धंद्यात चालतं का? प्रत्येक बाइट तपासत बसायचं, वेग वाढला की ते सर्किटला पण जड.

मग २००१ मधे आयटीयूनं जी.७०४१ काढलं, जेनेरिक फ्रेमिंग प्रोसिजर, आम्ही जीएफपी म्हणतो. मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्या गोष्टीवर मनापासून खूश झालो अशी ही एकच. बाकी सगळं स्टँडर्ड वाचताना झोप यायची.

जीएफपीत बॉर्डर नाहीच. प्रत्येक टॉवेलच्या डोक्यावर एक चिठ्ठी, चार बाइटची. पहिल्या दोन बाइटमधे लिहिलंय पुढं किती लांबीचा माल आहे. पुढच्या दोन बाइटमधे त्या लांबीच्याच आकड्यावरून काढलेला ताळा, १६ बिटचा सीआरसी. बस. चिठ्ठी वाचा, तेवढं मोजा, कापा, तिथं पुढची चिठ्ठी असलीच पाहिजे. आतल्या डिझाइनमधे काय आहे कुणाला घेणंदेणं नाही, ७ई असो नाहीतर काहीही असो, एक बाइट इकडचा तिकडं होत नाही, माल फुगत नाही.

भाचा हुशार आहे, त्यानं लगेच विचारलं, पण मामा पहिली चिठ्ठी कशी सापडणार? लाइन मधेच चालू झाली, मी धारेच्या मधे कुठंतरी उभा आहे, समोर नुसते बाइट.

हाच तर मुद्दा आहे. रिसीव्हर काय करतो, कुठलेही चार बाइट उचलतो, पहिल्या दोनवरून ताळा काढतो, पुढच्या दोनशी जुळतो का बघतो. नाही जुळला तर एक पाऊल पुढं सरकतो, परत चार. ही हंट अवस्था. जुळला तर लगेच विश्वास ठेवत नाही, कारण योगायोगानं जुळायची शक्यता ६५५३६ मधे एक आहे आणि सेकंदाला लाखो बाइट येतात तिथं असले योगायोग रोज होणार. म्हणून प्रीसिंक. चिठ्ठीतल्या लांबीएवढं पुढं जाऊन बघतो तिथं खरंच चिठ्ठी आहे का आणि तिचाही ताळा जुळतोय का. जुळला की सिंक. मग एकामागोमाग एक उड्या मारत जातो, मधलं काही वाचायची गरज नाही. आणि सिंकमधे असताना चिठ्ठीतला एखादा बिट वाटेत बिघडला तर ताळ्यावरून तो दुरुस्त पण करता येतो. त्यापेक्षा जास्त बिघडलं तर मावशी म्हणाल्या तसं, एक चुकला की पुढचा पण चुकतोय, परत हंट, परत थान उलगडा. फक्त इथं थान मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात उलगडून होतं.

म्हणजे खूण न लावता, नुसत्या हिशोबानं सीमा शोधायची. मला हे फार आवडलं होतं तेव्हा. (एटीएममधे, बँकेतलं नव्हे, नेटवर्कची एक जुनी पद्धत, सेलची म्हणजे तिथल्या गठ्ठ्याची सीमा शोधायला असाच प्रकार होता, तिथनंच ही आयडिया आली, पण एटीएमचे सेल सगळे ५३ बाइटचे एकसारखे. कमी जास्त लांबीच्या फ्रेमला हे लावलं ही खरी करामत.)

आणि पाठवायला काहीच नसेल तेव्हा? गाडी तर थांबवायची नाही. मग नुसत्या चिठ्ठ्या पाठवायच्या, लांबी शून्य. चार बाइटची रिकामी फ्रेम, आयडल. आता लांबी शून्य म्हणजे पहिले दोन बाइट शून्य, शून्याचा ताळा पण शून्य, म्हणजे चारही बाइट शून्य शून्य शून्य शून्य, आणि रात्री दोन वाजता कुणी काही पाठवत नसताना लाइनवर किलोमीटरच्या किलोमीटर शून्यांची रांग लागणार, रिसीव्हरला घड्याळ धरता येणार नाही. म्हणून ती चिठ्ठी एका ठरलेल्या आकड्याशी एक्सऑर करून (बिटाला बिट मिसळून) पाठवतात, बी६ एबी ३१ ई०. त्यामुळं रिकाम्या लाइनवर टेस्टर लावला की तोच आकडा परत परत दिसतो. मला तो पाठ झाला होता, बँकेच्या एटीएमच्या पिनपेक्षा पक्का.

शून्यांच्या रांगेवरनं एक जुनी भानगड आठवली, ती सांगतोच. सुरवातीला, १९९४ च्या आसपास, आयपी पॅकेट (इंटरनेटचा डेटा) पीपीपीत घालून डायरेक्ट सोनेट (एसडीएचचं अमेरिकन भावंड) किंवा एसडीएचवर टाकायचं ठरलं तेव्हा वेगळं स्क्रॅम्बलिंग (शून्यांची लांब रांग मोडायला बिट ढवळणं) केलंच नव्हतं, एसडीएचचं स्वतःचं आहे की म्हणून. पण ते एसडीएचचं स्क्रॅम्बलर १२७ बिटांनी परत तेच फिरतं. मग एखाद्या डोकेबाज माणसानं तोच नमुना आपल्या पॅकेटमधे भरला तर दोन्ही एकमेकांना खाऊन लाइनवर नुसते शून्य उरणार आणि अख्खी लाइन पडणार, सगळ्यांची. एका गिऱ्हाइकाच्या पॅकेटनं! १९९९ मधे स्टँडर्ड सुधारलं आणि डेटावर अजून एक स्क्रॅम्बलर आलं, एक्सचा ४३ वा घात अधिक १, म्हणजे प्रत्येक बिट त्याच्या ४३ बिट आधीच्या बिटाशी मिसळायचा. जीएफपीनं तेच उचललं. त्याचा एक तोटा आहे, वाटेत एक बिट चुकला तर बाहेर दोन चुकलेले निघतात, ४३ च्या अंतरानं, जोडीनं. चालतंय.

आता पोत्यांचा हिशोब. एसडीएचमधे ठराविक मापाचेच डबे मिळायचे. व्हीसी-१२ म्हणजे २.१७६ एमबी, व्हीसी-४ म्हणजे १४९.७६. इथरनेट १०, १००, १०००. कुठंच बसत नाही. १०० एमबी घालायला पूर्ण व्हीसी-४ द्यायचा म्हणजे एक तृतीयांश डबा रिकामा पळवायचा. म्हणून व्हर्च्युअल कॉनकॅटिनेशन आलं, बारके बारके डबे एकत्र धरायचे. ४६ व्हीसी-१२ घेतले की १००.०९६ एमबी, बरोब्बर. गिगाबिटला ७ व्हीसी-४, १०४८ एमबी. आणि हे डबे वेगवेगळ्या रस्त्यानं गेले तरी चालतात. म्हणजे काही डबे मोहोळ इंदापूर मार्गे पुण्याला, काही लातूरकडनं फिरून. फायबरमधे किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, एक रस्ता अडीचशे आणि दुसरा सहाशे किलोमीटरचा असला तर पावणेदोन मिलिसेकंदाचा फरक, म्हणजे एसडीएचच्या १४ फ्रेम. तेवढा वेळ लवकर पोचलेले डबे धरून ठेवायचे, सगळे आले की क्रमानं जोडायचे. लग्नाला एसटीनं आणि जीपनं निघालेली वऱ्हाडी मंडळी वेशीवर थांबून एकत्र आत शिरतात तसं.

त्याच्यावर एलकॅस म्हणून एक होतं, त्यात चालू लाइनवर डबे वाढवता कमी करता यायचे. गिऱ्हाइकानं दिवाळीपुरती लाइन वाढवून मागितली तर बसल्या जागेवरनं दोन डबे वाढवायचे, त्याला झटकापण लागत नाही. कागदावर. आमच्याकडं दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं समोरासमोर होती, त्यांचं एलकॅसवर कधी जमलंच नाही, शेवटी बंद करून ठेवलं.

एक हिशोब मी भाच्याला घरी सोडवायला दिला. जीएफपीत इथरनेट घालताना प्रीॲम्बल आणि मधली मोकळी जागा काढून टाकतात, कारण आता तिची गरजच नाही, चिठ्ठी आहे. वायरीवर ६४ ची फ्रेम खरं तर ८४ बाइटची जागा खाते. जीएफपीत ४ ची चिठ्ठी आणि अजून ४ बाइट, आत काय प्रकारचा माल आहे ते सांगणारे (त्यालाही स्वतःचा ताळा). मग आता शंभर एमबी पूर्ण भरून ६४ बाइटच्याच फ्रेम आल्या तर फायबरवर किती एमबी लागतील, आणि १५१८ च्या आल्या तर किती? आणि मला सांग ९६.७६८ एमबीच्या डब्यात (दोन व्हीसी-३) कुठल्या बसतील.

आता माझी फजिती सांगतो, कारण नुसतं स्टँडर्ड सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी लै शहाणा.

चिंचोळी एमआयडीसीतला एक गिऱ्हाईक, पुण्याला हेड ऑफिस, मधे आमची शंभर एमबी. सोमवारी सकाळी फोन, लाइन खराब आहे. मी बघितलं, एकही अलार्म नाही. पिंग मारला, म्हणजे टेस्टचा बारका निरोप पाठवून बघितला, जातोय, एकही ड्रॉप नाही. त्यांना म्हटलं लाइन चालू आहे. ते म्हणाले बिलिंगचं लॉगिन होतंय पण रिपोर्ट उघडला की नुसतं गोल फिरतंय. मी म्हटलं तुमचा सर्व्हर बघा. ते म्हणाले तुमची लाइन बघा. हे दोन दिवस. मधल्या काळात मी त्यांच्याकडं जाऊन पॅचकॉर्ड बदलली, एसएफपी बदललं, पॉवर मोजली, उणे १४ डीबीएम, उत्तम. उन्हात दोन पोरांना ओटीडीआर (फायबर कुठं खराब आहे ते दाखवणारं मशीन) घेऊन फिरवलं, सगळे स्प्लाइस, म्हणजे फायबरचे जोड, व्यवस्थित. पोरांनी मला मनात काय शिव्या दिल्या असतील.

बुधवारी संध्याकाळी वैतागून एनएमएसवर (नेटवर्कवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) कार्डाचे सगळे काउंटर उघडून बसलो. जीएफपीकडचे सगळे शून्य, ताळ्याच्या चुका शून्य, सिंक एकदाही गेलेलं नाही. म्हणजे फायबर, डबे, चिठ्ठ्या, सगळं चोख. पण इथरनेट पोर्टच्या बाजूला एक काउंटर होता, ओव्हरसाइज ड्रॉप, आणि तो माझ्या डोळ्यासमोर वाढत होता. फोन लावला, त्यांच्या आयटीवाल्या पोराला म्हटलं, अहो तुम्ही शनिवारी रविवारी काही बदललं का? म्हणाला, काही नाही सर, फक्त नवीन स्विच बसवलाय, सीसीटीव्हीला वेगळा व्हीलॅन केला आणि लाइनवर ट्रंक केलंय.

फक्त!

व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं, आणि कुठली फ्रेम कुणाची हे सांगायला ट्रंकवर फ्रेमला टॅग लागतो, ४ बाइटचा. १५१८ ची फ्रेम झाली १५२२ ची. आमच्या कार्डावर कुणीतरी (बहुतेक मीच) कमिशनिंगच्या वेळी कमाल साइज १५१८ ठेवलेली. १५२२ ला १९९८ सालीच मान्यता आहे, कार्डाला पण चालत होतं, फक्त सेटिंग जुनं. त्यामुळं बारक्या फ्रेम जायच्या, लॉगिन व्हायचं, पिंग जायचा, आणि मोठी फ्रेम आली की कार्ड गुपचूप गिळायचं. मधे राउटर असता तर निदान पाठवणाऱ्याला निरोप तरी धाडला असता की बाबा मोठं आहे, बारकं करून पाठव. पण हे लेअर दोनचं कार्ड, नुसत्या फ्रेम पुढं ढकलणारं, ते कुणाला काही सांगत नाही.

खात्री करायला त्याला म्हटलं पिंग मोठ्या साइजचा मार, तुकडे करू नको असं सांगून. १४७२ गेला नाही. १४६८ गेला. १४६९ गेला नाही. १४६८ मधे पिंगचे ८, आयपीचे २०, इथरनेटचे १८ आणि टॅगचे ४ मिळवा. १५१८. बरोबर दारात येऊन उभा. मी सेटिंग बदललं, तो म्हणाला सर रिपोर्ट उघडला. तीन दिवसांचं काम तीस सेकंदात. दुसऱ्या दिवशी कार्डाच्या फेसप्लेटवर मास्किंग टेपवर लिहून चिकटवलं, "साइज बघ आधी". ती टेप माझ्यासाठीच होती.

दुसरं एक, थोडक्यात. पुण्याच्या बाजूला कुणीतरी साफसफाईत पॅचकॉर्ड उपटली. सोलापूरच्या स्विचचा दिवा हिरवाच. कारण तो दिवा स्विच आणि आमच्या कार्डामधल्या दोन मीटर केबलचा आहे, पुण्याचा नाही. गिऱ्हाइकाकडं बॅकअपची वायरलेस लाइन होती, पण राउटरला वाटतंय मुख्य लाइन जिवंत आहे, तो बॅकअपवर जातच नाही. जीएफपीत यासाठी सोय आहे, पलीकडचं इथरनेट गेलं की तिकडचं कार्ड १०० ते १००० मिलिसेकंदाच्या अंतरानं एक निरोपाची फ्रेम पाठवत राहतं, क्लायंट सिग्नल फेल, आणि ती आली की इकडच्या कार्डानं आपला पोर्ट पाडायचा म्हणजे इकडचा दिवा पण जातो. पण पोर्ट पाडायचा का नाही हे सेटिंग असतंय, आणि ते आमच्याकडं बंद होतं. पाच तास. तेव्हापासून मी कुणाच्याही हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही.

नंतर एसडीएच हळूहळू मागं पडलं आणि ओटीएन (त्याच्या जागी आलेलं नवं ऑप्टिकल नेटवर्क) आलं, जी.७०९. तिथं डबे मोठे, आणि प्रत्येक २३९ बाइटमागं १६ बाइट चूक दुरुस्तीचे, त्यात ८ बाइटपर्यंत बिघडलेले जागेवर नीट करता येतात, त्यामुळं लांबचा पल्ला वाढला. पण तिथंही आमची जुनी रड चालूच. दहा गिगचा डबा बनवला तो एसडीएचच्या एसटीएम-६४ चं माप घेऊन, आत जागा ९.९९५ गिग. आणि दहा गिगचं इथरनेट लाइनवर किती, तर १०.३१२५, कारण त्यात प्रत्येक ६४ बिटमागं २ बिट जास्तीचे. म्हणजे दहाच्या पोत्यात दहाचा माल बसत नाही! इथरनेटवाल्यांनी दहा गिगचा एक वेगळा प्रकार एसडीएचच्या मापात पण काढला होता, वॅन फाय, पण स्वस्तात मिळणारे पोर्ट सगळे लॅनवाले, ते कोण घेणार. मग एक तर फ्रेम काढून जीएफपीत भरा, किंवा डबाच थोडा जोरात पळवा, साधारण ११.१ गिगला, त्याला ओटीयू-२ई म्हणतात. आधी ते स्टँडर्डमधे नव्हतंच, लोक वापरतच होते, मग नंतर त्यातला डबा तेवढा आत घेतला. गिगाबिटसाठी तर २००९ पर्यंत स्वतःचा डबाच नव्हता, अडीच गिगच्या डब्यात जायला लागायचं. मग ओडीयू-झिरो आला, सव्वा गिगपेक्षा जरासा कमी, त्यात पण गिगाबिटचे लाइनवरचे १.२५ बसेनात, म्हणून आधी त्याचं कोडिंग बदलून आवळतात आणि मग भरतात. कोण हे आकडे ठरवतं त्याला एकदा आमच्या कारखान्यात पॅकिंगला बसवलं पाहिजे.

भाचा परत पुण्याला गेला. रात्री अकराला त्याचा व्हॉट्सॲप आला.

"मामा, ६४ ला ८५.७ एमबी येतंय, १५१८ ला ९९.२. म्हणजे बारक्या फ्रेम ९६ च्या डब्यात बसतात आणि मोठ्या बसत नाहीत?? उलटं कसं?"

मी लिहिलं, बारक्या फ्रेममधे मोकळी जागाच जास्त होती, ती आपण काढून टाकली, म्हणून.

थोड्या वेळानं परत.

"मग पुण्याला प्रीॲम्बल कोण लावतंय?"

पुण्याचं कार्ड लावतं, नवीन.

"म्हणजे सोलापूरचं प्रीॲम्बल पुण्याला जातच नाही?"

नाही जात.

"आणि आमच्या लॅबमधे सर सांगतात लाइन ट्रान्सपरंट आहे, आत जातं तेच बाहेर येतं"

मी त्याला लिहिलं झोप आता, उद्या लेक्चर आहे. त्यानं अंगठा पाठवला, आणि बारा वाजता परत, "मामा ते ४३ का घेतलं, ४२ का नाही".